वाचकांचे प्रश्न : कयाकवरून गरवायचे तर रीळ कोणते घ्यावे?

प्रश्न : गेल्या दिवाळीत मी कयाक घेतली आणि तेव्हापासून बहुतेक रविवारी मार्वे ते मनोरी या पट्ट्यात, क्वचित गोराईच्या खाडीत, गरवायला जातो. जिताडा, तांब आणि रावस हे माझे नेहमीचे मासे असून आजवरचा मोठ्यात मोठा जिताडा साडेचार किलोंचा होता. किनाऱ्यावर पाच वर्षे उत्तम चाललेले माझे 2500 क्रमांकाचे स्पिनिंग रीळ कयाकवर सहा महिन्यांतच अडखळू लागले आणि आता त्याचे हँडल मधूनच उलटेही फिरते. एका दुकानदाराने 6000 क्रमांकाचे, 15 किलो ड्रॅगचे (ड्रॅग म्हणजे ठरावीक ओढीपलीकडे दोरा सुटू देणारी रिळातली यंत्रणा) रीळ सुचवले, तर मित्राचा आग्रह बारा बेअरिंगच्या रिळाचा आहे. दहा हजार रुपयांच्या आसपास खर्च करण्याची माझी तयारी आहे. नेमके काय पाहून घ्यावे?
— एक वाचक, चारकोप

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती हँडल उलटे फिरण्याची आहे. स्पिनिंग रिळाच्या फिरत्या भागाखाली एकाच दिशेने फिरू देणारे एक बेअरिंग असते. त्यात बारीक दांड्या आणि त्याहून बारीक स्प्रिंगा असतात. हँडल उलट जाऊ लागले की या दांड्या अडकून त्याला जागच्या जागी धरतात. खारे पाणी तिथे शिरून वाळले, किंवा आतले ग्रीस पाण्याबरोबर तिथपर्यंत पोहोचले, की दांड्या चिकटून बसतात आणि हँडल मागे निसटते. म्हणजे आपले रीळ माशाच्या ताकदीपुढे कमी पडलेले नसून त्याच्या पोटात पाणी गेले आहे. नवे रीळ निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्यावी लागेल. दुकानदाराने सांगितलेला ड्रॅगचा आकडा आणि मित्राने सांगितलेली बेअरिंगची संख्या या दोन्हींचा या बिघाडाशी काही संबंध नाही.

किनाऱ्यावर उभे राहून गरवताना रीळ छातीच्या उंचीवर असते आणि पाण्याशी त्याचा संबंध ओल्या दोऱ्यापुरता येतो. कयाकवर तेच रीळ पाण्यापासून हातभर अंतरावर असते, वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर त्याच्यावर थेंब पडतात, आणि मार्व्याच्या किनाऱ्यावरून कयाक पाण्यात लोटताना किंवा परत लावताना एखादी लाट सरळ अंगावरून जाते. त्यातच आपल्या खाड्यांचे पाणी गढूळ असते. उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ ढवळून वर येतो, आणि तो गाळ ओल्या दोऱ्याबरोबर गुंडाळला जाऊन ज्या छोट्या चाकावरून दोरा वळतो त्या लाइन रोलरमध्ये बारीक पॉलिश कागदासारखे काम करतो. लाइन रोलर, स्पूलमधला (ज्या चकरीवर दोरा गुंडाळला जातो तिच्यातला) ड्रॅग, फिरत्या भागाखालचे एकदिशा बेअरिंग आणि हँडलच्या दोन्ही बाजू ही पाणी शिरण्याची चार मुख्य दारे आहेत. ही चारही दारे रबरी सीलने बंद केलेली आहेत का, हे दुकानात विचारावे आणि माहितीपत्रकातून पडताळावे. नुसते ‘खाऱ्या पाण्यासाठी’ असे खोक्यावर छापलेले असले तर त्याचा अर्थ धातूवर गंज रोखणारा थर दिला आहे एवढाच असू शकतो.

काही कंपन्या सीलबंदपणाचा दर्जा आकड्यांत सांगतात. पेनच्या स्पिनफिशर मालिकेच्या सहाव्या आवृत्तीला आयपीएक्स 5 आणि स्लॅमरच्या चौथ्या आवृत्तीला आयपीएक्स 6 असा दर्जा दिलेला आहे. हे आकडे विजेच्या उपकरणांसाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेले आहेत. 5 म्हणजे नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर वेगाने सोडलेली धार सर्व बाजूंनी सोसणे आणि 6 म्हणजे मिनिटाला 100 लिटरची जोरदार धार सोसणे. पाण्यात बुडून राहण्याची चाचणी मात्र वेगळी असून तिचा आकडा 7 आहे. त्यात उपकरण एक मीटर पाण्याखाली अर्धा तास ठेवतात. धार सोसणारे रीळ बुडवणही सोसेलच असा अर्थ या मानकात अभिप्रेत नाही. त्यामुळे आयपीएक्स 6 चे रीळसुद्धा कयाक उलटून पाण्याखाली गेले तर घरी येऊन उघडून पाहावे लागते. शिवाय ही चाचणी नव्या रिळावर होते, आणि रबरी सील दोन-तीन मोसमांत कडक होतात हेही ध्यानात ठेवावे.

डायवा कंपनीची मॅगसील पद्धत याहून वेगळी आहे. तिथे रबराऐवजी चुंबकाने धरून ठेवलेले तेल फटीत पडद्यासारखे उभे असते, त्यामुळे घर्षण कमी होते आणि हँडल हलके फिरते. पण त्या जागी बाहेरचे तेल घातले तर हा पडदा बिघडतो, आणि घरी स्वतः रीळ उघडून साफ करणाऱ्या माणसाने याचा विचार आधीच केलेला बरा. माझे मत असे आहे की ज्याला दुरुस्तीसाठी रीळ कुठे पाठवावे लागू नये असे वाटते, त्याने रबरी सीलचे साधे रीळ घ्यावे.

आता ड्रॅगविषयी. इथे कयाकचा प्रश्न किनाऱ्यापेक्षा मुळातच निराळा आहे आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. किनाऱ्यावर आपले पाय जमिनीत घट्ट असतात, म्हणून मासा ओढतो तेव्हा सरकण्याचे काम एकटा ड्रॅग करतो. कयाक कशालाही बांधलेली नसते. माणूस, कयाक आणि सामान मिळून सव्वाशे किलोंचा भार असला तरी संथ पाण्यात किलो-दोन किलोंची सलग ओढ तिला माशाच्या दिशेने नेऊ लागते, म्हणजे कयाक स्वतःच दुसऱ्या ड्रॅगचे काम करते. याचे दोन परिणाम होतात. पहिला चांगला आहे : दोऱ्यावर एकदम झटका बसत नाही आणि त्यामुळे तुलनेने बारीक दोरा चालतो. दुसरा मात्र जिताड्याच्या बाबतीत फार महागात पडतो. जिताडा लागताक्षणी खारफुटीच्या मुळांकडे किंवा पाण्यातल्या खुंटांकडे धावतो, आणि किनाऱ्याच्या सवयीने आपण ड्रॅग आवळला तर मासा थांबण्याऐवजी कयाकच त्याच्या मागोमाग मुळांत जाते. अशा वेळी 15 किलोंचा ड्रॅग काहीही कामाचा नाही. गळ टाकण्यापूर्वी नांगर अशा बाजूला टाकावा की ओढ पडल्यावर कयाक झाडीपासून दूरच राहील, किंवा ओहोटीचे पाणी आपल्याला झाडीकडून बाहेर नेत असेल अशी वेळ निवडावी. नांगर कयाकच्या मध्यभागी कडेला बांधू नये, तो नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, किंवा मागच्या टोकाला बांधावा. वाहत्या खाडीत कडेला बांधलेला नांगर कयाक आडवी करून उलटवू शकतो.

आणखी एक गोष्ट आहे. आपण बसलेले असतो आणि ओढ आडवी असते. सहा-सात किलोंची ओढ कयाकच्या मध्यावर, कडेच्या बाजूने लागली तर तोल जाण्यास ती पुरेशी ठरू शकते. म्हणूनच मासा नेहमी नाळेच्या टोकाकडे ठेवून खेळवतात. आपल्याला प्रत्यक्षात दोन ते चार किलोंच्या दरम्यानच ड्रॅग वापरायचा आहे आणि त्या टप्प्यात तो किती एकसारखा सुटतो, हाच खरा कस आहे. दुकानात रिळावर दोरा भरलेला असेल तर ड्रॅग मध्यम आवळून दोरा हाताने अगदी सावकाश ओढून पाहावा. सुरुवातीला अडून मग एकदम सुटला, तर तो ड्रॅग पाण्यातही तसाच वागेल आणि बारीक दोरा नेमका त्या पहिल्या क्षणी तुटेल. माझ्या पहिल्या कयाकवरच्या रिळात नमद्याच्या चकत्या होत्या आणि सीलचा पत्ता नव्हता. गोराईच्या तोंडाशी एका लाटेने ते भिजवले आणि त्यानंतर तासाभरात लागलेला एक उत्तम रावस अशाच एका झटक्याने गेला. तेव्हापासून मी ड्रॅगच्या गुंडीखाली सील आणि आत कार्बन फायबरच्या चकत्या असल्याशिवाय रीळ घेत नाही.

ड्रॅग घरूनच लावून निघावे. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा तानकाटा पुरतो. दोरा रॉडच्या कड्यांतून ओवून टोक काट्याला अडकवावे आणि रॉड नेहमीच्या कोनात धरून ओढावे. दोऱ्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला ड्रॅग सुटू लागला पाहिजे. किनाऱ्यावर पुष्कळजण तिसरा हिस्सा धरतात, पण कयाकवर चौथाच योग्य. 12 किलो ताकदीच्या दोऱ्याला 3 किलो, असा साधा हिशेब आहे.

क्रमांकाबाबत दुकानदाराचा सल्ला मला मान्य नाही. 6000 क्रमांकाचे रीळ रॉडसकट दिवसभर बसून फेकत राहण्यासाठी जड आहे आणि आपल्या खाडीत त्यावरच्या तीन-चारशे मीटर जाड दोऱ्याची गरज पडत नाही. 2500 चे रीळ रावस-तांबेला पुरेल, पण जिताड्यासाठी ते काठावरचे ठरते. आपल्यासाठी 3000 किंवा 4000 हा क्रमांक नेमका आहे. क्रमांकाला मात्र फार धरून बसू नये, कारण ते मोजमाप सर्व कंपन्यांत सारखे नसते. एकाचे 4000 दुसऱ्याच्या 3000 एवढे भरते, आणि डायवाने एलटी ही हलकी मालिका आणली तेव्हा तिचे 4000 हे त्यांच्याच जुन्या 3000 च्या जवळपास आले. म्हणून स्पूलवर छापलेली दोऱ्याची क्षमता वाचावी. पीई 1.5 जाडीचा विणलेला दोरा 200 मीटर बसला आणि रीळ साधारण 300 ग्रॅमच्या आगेमागे भरले, तर क्रमांक काहीही असो, ते आपल्या उपयोगाचे आहे.

बेअरिंग किती यापेक्षा ती कोठे बसवली आहेत आणि झाकलेली आहेत का हे महत्त्वाचे. उघडी बारा बेअरिंग म्हणजे गंजण्याच्या बारा जागा. पाच-सहा झाकलेली बेअरिंग पुष्कळ झाली, आणि त्यांतले एक लाइन रोलरमध्ये असलेच पाहिजे.

शरीर धातूचे की ग्रॅफाइटचे, हा वाद बराच जुना आहे. ग्रॅफाइट गंजत नाही, हलके असते, पण ओढ पडल्यावर किंचित वाकते आणि आतले गिअर एकमेकांवर तिरपे बसून झिजतात. ॲल्युमिनियम ताठ राहते, मात्र त्यावरचा थर खरचटला की तिथून पांढरी भुकटी धरू लागते, आणि कयाकवर रीळ प्लास्टिकच्या कडेला, नांगराला, वल्ह्याला घासतच असते. मॅग्नेशियमचे रीळ अत्यंत हलके असले तरी खाऱ्या पाण्यात थर गेलेल्या जागी ते झपाट्याने खराब होते, त्यामुळे ते मी कयाकसाठी सुचवणार नाही. दहा हजारांच्या आसपास ॲल्युमिनियमचे शरीर आणि ग्रॅफाइटचा फिरता भाग अशी जोडी मिळाल्यास ती स्वीकारावी. गिअरचे प्रमाण, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात फिरता भाग किती फेरे घेतो ते, 5.5 ते 6.2 च्या दरम्यान असावे. कयाक माशाकडे सरकत असताना दोरा ढिला पडतो आणि तो चटकन गोळा करण्यासाठी हँडलच्या एका फेऱ्यात 85 ते 95 सेंटिमीटर दोरा आत आला पाहिजे.

दोरा भरताना विणलेला दोरा थेट धातूच्या स्पूलवर बांधू नये. त्याला पकड मिळत नाही आणि ओढ पडल्यावर संपूर्ण गुंडाळी स्पूलभोवती घसरते, तेव्हा माणसाला वाटते की ड्रॅगच बिघडला. आधी दहा-पंधरा मीटर साधा तंगूस गुंडाळावा, त्यावर विणलेला दोरा, आणि स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. पुढे जिताड्यासाठी 30 ते 40 पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर लीडर (गळाजवळचा मजबूत दोरा) हवाच, कारण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते.

शेवटी पैशांविषयी. आपल्या रकमेत बहुधा आकड्यांत दर्जा दिलेले पूर्ण सीलबंद रीळ आणि साधे पण चांगले रीळ यांच्या मधोमध आपण आहात. पाच हजारांची दोन घेण्याऐवजी, किंवा याच रकमेत दिखाऊ मोठे रीळ घेण्याऐवजी, ड्रॅग आणि एकदिशा बेअरिंग या दोन जागी तरी सील असलेले एकच 3000–4000 चे रीळ घ्यावे, आणि शक्य असल्यास दोन-तीन महिने थांबून रक्कम वाढवून पूर्ण सीलबंद घ्यावे. थांबण्याच्या काळात आपले जुने रीळ टाकून देऊ नका. ते उघडून एकदिशा बेअरिंग पेट्रोलने धुवून, पूर्ण सुकवून त्यावर पातळ तेलाचा एकच थेंब सोडला, ग्रीस अजिबात लावले नाही, तर बहुतेक वेळा हँडल पुन्हा पहिल्यासारखे धरते. हे काम मोकळ्या हवेत आणि गॅसच्या शेगडीपासून दूर करावे.

प्रश्न : माझे वडील लालबागच्या गिरणीत होते, मीही तिथेच वाढलो. निवृत्तीनंतर कयाकवरून गरवायला सुरुवात करतो आहे. नेमकेपणासाठी बेटकास्टर रीळ घ्यावे असे काहीजण सांगतात. नवशिक्याने काय घ्यावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : स्पिनिंगच घ्यावे. आपल्याला त्याचे कारण इतरांपेक्षा लवकर उमगेल, कारण ते गिरणीतूनच आलेले आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. बॉबिन जागची न हलता तिच्या टोकाकडून सूत कसे सुटत जाते हे गिरणीत रोजच दिसते, आणि तेच तत्त्व त्यांनी दोऱ्याला लावले. बेटकास्टरमध्ये फेकताना स्पूल स्वतः गरगर फिरतो आणि आमिष हवेत मंदावले तरी तो त्याच वेगाने फिरत राहिला की दोऱ्याचा गुंता होतो. कयाकमध्ये आपण खाली बसलेलो असतो, हात पूर्ण फिरवता येत नाही, आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा बहुधा समोरून असतो. हलके आमिष अशा वाऱ्यात फेकताना बेटकास्टरचा गुंता नवशिक्याला निश्चित होतो, आणि हलत्या कयाकवर गुंता सोडवत बसणे, वल्हे बाजूला ठेवून, हे सुरक्षितही नाही. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर असल्यामुळे वारा लागला तरी दोरा फक्त कमी लांब जातो. एकच सवय सुरुवातीपासून लावावी : फेकल्यावर बेलची तार (फेकताना उघडायची, दोरा धरून स्पूलवर गुंडाळणारी कमानीसारखी तार) हँडल फिरवून न पाडता हाताने पाडावी आणि दोरा एकदा बोटांनी ताणून मग गुंडाळू लागावे. सैल वेटोळे स्पूलवर बसत नाही, त्यामुळे पुढच्या फेकीत गुंता होत नाही.

प्रश्न : रीळ धुण्याची योग्य पद्धत कोणती? मी घरी परतल्यावर ते बादलीत बुडवून ठेवतो, तरीही प्रत्येक पावसाळ्यानंतर ते आतून गंजलेले निघते.
— एक वाचक, वसई

उत्तर : ‘तरीही’ ऐवजी ‘म्हणूनच’ म्हणावे लागेल. बादलीत बुडवल्यावर बाहेर साचलेले मीठ विरघळून पाण्याबरोबर प्रत्येक फटीतून आत जाते, आणि आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. नळाची जोरदार धारही हेच करते. धुण्यापूर्वी ड्रॅगची गुंडी घट्ट आवळावी, म्हणजे स्पूलमधील चकत्यांपर्यंत पाणी पोहोचणार नाही. मग झारीतून पडते तसे हलके, गोडे, साधे पाणी वरून सोडावे. गरम पाणी वापरू नये, कारण ते आतले ग्रीस पातळ करते. लाइन रोलर आणि हँडलची मूठ बोटाने फिरवत धुवावी. खाडीचा गाळ तिथेच बसतो. रीळ झटकून, सुती फडक्याने पुसून, रॉडपासून सुटे करून सावलीत ठेवावे आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करावा, अन्यथा चकत्या एकमेकींत दबून बसतात आणि पुढच्या वेळी अडखळतात. दर तीन-चार फेऱ्यांनंतर लाइन रोलरला आणि मुठीला तेलाचा एकेक थेंब द्यावा. आपले रीळ मॅगसीलचे असेल तर तेवढ्या जागा वगळाव्यात.

पावसाळ्याची तयारी वेगळी. मे महिन्यातली शेवटची फेरी झाली की जून लागण्यापूर्वी रिळाचे झाकण उघडून जुने ग्रीस पुसावे आणि गिअरवर खाऱ्या पाण्यासाठीचे नवे ग्रीस लावावे, पण थोडेच. आधी सांगितल्याप्रमाणे एकदिशा बेअरिंगपासून ते दूर ठेवावे. दोरा काढून गोड्या पाण्यात भिजवून, वाळवून वेगळा गुंडाळून ठेवला तर अधिक चांगले, कारण विणलेल्या दोऱ्याच्या पेडांत मीठ धरून राहते आणि चार महिने तेच मीठ स्पूलला चिकटून असते. सर्वांत मोठी चूक म्हणजे रीळ खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवणे. मुंबई-वसईच्या पावसाळी हवेत बंद पिशवीत घाम धरतो आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते त्याच कारणाने रीळ आतून गंजते. सुती पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उघड्या फळीवर ठेवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा हँडलचे दहा-बारा फेरे फिरवावेत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला, की आधी ड्रॅग तानकाट्यावर पुन्हा लावून घ्यावा, कारण नव्या ग्रीसमुळे मागचा अंदाज बदललेला असतो.

प्रश्न : कयाकवर हँडल उजव्या बाजूला असावे की डाव्या? मी उजव्या हाताने फेकतो.
— एक वाचक, वरळी

उत्तर : डाव्या. उजव्या हातात रॉड राहू द्यावा आणि डाव्या हाताने गुंडाळावे, म्हणजे फेकल्यावर हात बदलावा लागत नाही आणि तो बदलण्याच्या क्षणी हलत्या कयाकवर रॉड निसटत नाही. बहुतेक सर्व स्पिनिंग रिळांत हँडल दोन्हीकडे बसते. त्यातही आरपार स्क्रूने घट्ट होणाऱ्या हँडलपेक्षा थेट गिअरच्या आट्यांत बसणारे हँडल कमी खुळखुळते, पण ते बाजू बदलताना हरवू नये म्हणून घरीच बदलून निघावे. रॉडला, रिळाच्या पायाशी, एक पातळ दोरी बांधून तिचे दुसरे टोक कयाकच्या कड्याला अडकवावे. वल्हवताना आणि लाटेतून किनाऱ्याला लागताना मात्र ती सोडून रॉड आडवा करून आत बांधून ठेवावा, कारण कयाक उलटली तर सैल दोरी पायात अडकते. लाइफ जॅकेटच्या बकलला ही दोरी कधीही बांधू नये.